विमाधारकाचे संरक्षण : ऐपत, दानत आणि शासकीय नियमन

बाजारात धान्य घेणारा ग्राहक ते मुठीत घेऊन पाहतो, कापड घेणारा त्याचा पोत तपासतो. विमा घेणाऱ्यासमोर तपासून पाहण्यासारखी वस्तूच नसते. तो आज पैसे देतो आणि मोबदल्यात एक लेखी वचन घेतो. हे वचन पाळले जाते की नाही, हे कळण्यास कधी वर्ष लागते, कधी तीस वर्षे. आयुर्विम्याच्या बाबतीत तर ते कळण्याच्या वेळी करार करणारी व्यक्तीच हयात नसते; कंपनीच्या कार्यालयात खेटे घालण्याची वेळ तिच्या पत्नीवर, मुलांवर किंवा वृद्ध आईवडिलांवर येते. शिवाय कराराचा मसुदा कंपनीने तयार केलेला असतो, त्यातील अपवाद कंपनीने ठरवलेले असतात आणि दावा योग्य की अयोग्य याचा पहिला निर्णयही कंपनीच देते. दोन पक्षांचे बळ इतके विषम असलेले करार नित्याच्या व्यवहारात थोडेच आढळतात.

विमा व्यवसायावर शासनाचे नियंत्रण का असावे, या प्रश्नाचे उत्तर या विषमतेत आहे. विमाधारकाला दोन गोष्टींची शाश्वती हवी असते. दावा उभा राहील तेव्हा कंपनीपाशी पैसे असतील का, ही पहिली. आणि पैसे असूनही ती ते देईल का, ही दुसरी. पहिला प्रश्न ऐपतीचा आहे, दुसरा दानतीचा. भारतातील विमा कायद्याची वाटचाल पाहता ऐपतीचा प्रश्न बऱ्याच अंशी आटोक्यात आला आहे. दानतीचा मात्र अद्याप पुरता सुटलेला नाही, असे म्हणावे लागते.

बुडालेल्या कंपन्यांचा काळ

भारतात आधुनिक आयुर्विम्याचा प्रारंभ १८१८ मध्ये कोलकात्यात स्थापन झालेल्या ओरिएंटल लाइफ इन्शुरन्स कंपनीने झाला. ती प्रामुख्याने येथील युरोपियनांसाठी होती. भारतीयांचे आयुष्य अधिक जोखमीचे मानून त्यांच्याकडून जादा हप्ता घेण्याची त्या काळच्या कंपन्यांची रीत होती. १८७० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे म्युच्युअल लाइफ ॲश्युरन्स सोसायटीने भारतीयांचा विमा सर्वसाधारण दराने उतरवण्यास सुरुवात केली. पुढे स्वदेशीच्या चळवळीने देशी विमा कंपन्यांना चालना दिली. परंतु त्यांतील अनेक कंपन्यांचे भांडवल तुटपुंजे होते आणि हिशेबही कच्चे होते. १९१२ च्या कायद्याने आयुर्विमा कंपन्यांना हप्त्यांची कोष्टके आणि ठरावीक काळाने केलेले मूल्यांकन विमागणितीकडून प्रमाणित करून घेण्याचे बंधन घातले. आयुर्विम्याबरोबर इतर विम्यालाही लागू होणारा सर्वंकष कायदा १९३८ मध्ये आला. कंपन्यांनी ठेवावयाची अनामत, निधीची गुंतवणूक, वार्षिक विवरणपत्रे, दलालांचे कमिशन, नामनिर्देशन अशा अनेक बाबी त्यात आल्या. वेळोवेळी दुरुस्त होत आलेला विमा अधिनियम, १९३८ हाच आजही या क्षेत्राचा मूळ कायदा आहे.

कायदा झाला तरी कंपन्या बुडण्याचे थांबले नाही. आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण होण्यापूर्वीच्या दहा वर्षांत सुमारे २५ आयुर्विमा कंपन्यांचे दिवाळे निघाले आणि तितक्याच कंपन्यांचा व्यवसाय विमाधारकांना तोटा सोसायला लावून दुसऱ्या कंपन्यांकडे सोपवावा लागला. दालमिया समूहाच्या ताब्यातील भारत इन्शुरन्स कंपनीच्या निधीचा गैरवापर हे प्रकरण तर फारच गाजले. डिसेंबर १९५५ मध्ये फिरोझ गांधी यांनी ते लोकसभेत मांडले. विमाधारकांनी भरलेल्या हप्त्यांचा पैसा मालकाच्या इतर उद्योगांत व सट्ट्यात वळवला जातो, हे त्यातून उघड झाले. १९ जानेवारी १९५६ रोजी वटहुकूम काढून शासनाने आयुर्विमा व्यवसायाचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. हा निर्णय आकाशवाणीवरून देशाला सांगणारे अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. १५४ भारतीय व १६ परदेशी विमा कंपन्या आणि ७५ भविष्य निर्वाह संस्था, अशा एकूण २४५ संस्थांचा व्यवसाय एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ रोजी भारतीय आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले. महामंडळाच्या कायद्यातील कलम ३७ अन्वये विमापत्रांच्या रकमांना केंद्र सरकारची हमी देण्यात आली. मे २०२२ मध्ये महामंडळाचे समभाग शेअर बाजारात सूचिबद्ध झाल्यानंतरही ही हमी कायम आहे. सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण १ जानेवारी १९७३ पासून अमलात आले आणि १०७ कंपन्यांच्या एकत्रीकरणातून चार कंपन्या उभ्या राहिल्या.

मालकी सरकारची झाली म्हणजे ग्राहकाचे हित आपोआप साधते, हा समज मात्र फार काळ टिकला नाही. महामंडळाच्या स्थापनेला वर्षही पुरे होण्याआधी, जून १९५७ मध्ये, उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांत महामंडळाचे सुमारे सव्वा कोटी रुपये गुंतवले गेले. हे प्रकरणही फिरोझ गांधी यांनीच संसदेत मांडले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्या एकसदस्य आयोगाने जाहीर चौकशी केली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. विमाधारकांच्या पैशावर देखरेख करणारा आणि तो पैसा हाताळणारा यांत अंतर हवे, हा या प्रकरणाचा खरा अर्थ होता. तो संस्थात्मक रूपात यायला पुढे चार दशके लागली. दरम्यान शासनच मालक होते आणि नियंत्रकही तेच होते.

या मधल्या काळात ग्राहकाला आधार मिळाला तो न्यायालयांचा. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘सेवा’ या संज्ञेत विम्याचा समावेश केला. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भारतीय आयुर्विमा महामंडळ विरुद्ध कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर या खटल्यात महत्त्वाचा निवाडा दिला. ‘तक्ता ५८’ ही स्वस्त मुदत विमा योजना महामंडळाने सरकारी, निमसरकारी व नामांकित संस्थांतील नोकरदारांपुरतीच ठेवली होती. शेतकरी, कारागीर, छोटा दुकानदार यांना ती नाकारणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ चा भंग आहे, असे न्यायालयाने ठरवले. विमा करारातील अटी न्याय्य व वाजवी असल्या पाहिजेत, हे तत्त्व या निवाड्याने रुजवले.

स्वतंत्र प्राधिकरण

रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर आर. एन. मल्होत्रा यांच्या अध्यक्षतेखाली १९९३ मध्ये नेमलेल्या समितीने जानेवारी १९९४ मध्ये अहवाल सादर केला. खासगी कंपन्यांना प्रवेश आणि स्वतंत्र नियामक, या तिच्या दोन ठळक शिफारशी होत्या. विमा नियामक व विकास प्राधिकरण अधिनियम, १९९९ संमत झाला आणि एप्रिल २००० मध्ये प्राधिकरण वैधानिक संस्था म्हणून कार्यान्वित झाले. त्याचे मुख्यालय हैदराबाद येथे आहे. परदेशी भागभांडवलाची मर्यादा प्रथम २६ टक्के होती. २०१५ मध्ये ती ४९ टक्के, २०२१ मध्ये ७४ टक्के करण्यात आली आणि डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या दुरुस्ती कायद्याने ती १०० टक्क्यांपर्यंत नेण्याचा मार्ग मोकळा केला.

कायद्याच्या उद्देशिकेत विमाधारकांच्या हिताचे संरक्षण हा हेतू प्रथम येतो आणि त्यानंतर विमा उद्योगाचे नियमन, प्रवर्तन व सुव्यवस्थित वाढ यांचा उल्लेख येतो. प्राधिकरणाच्या नावातच ‘नियामक’ आणि ‘विकास’ हे दोन शब्द शेजारीशेजारी आहेत. उद्योग वाढवायचा आणि त्याला वेसणही घालायची, ही दुहेरी जबाबदारी कागदावर वाटते तितकी सोपी नाही. तिच्यातील ताण पुढे युलिपच्या प्रकरणात स्पष्ट दिसला.

कंपनीची ऐपत राखण्यासाठीचे नियम मात्र प्राधिकरणाने प्रारंभापासून कठोर ठेवले. विमा कंपनी सुरू करण्यास किमान १०० कोटी रुपयांचे भरणा झालेले भांडवल लागते. पुनर्विमा कंपनीसाठी ही रक्कम २०० कोटी आहे. कलम ६४ व्हीए अन्वये प्रत्येक कंपनीने देण्यांपेक्षा ठरावीक प्रमाणात अधिक मालमत्ता राखली पाहिजे. हे प्रमाण म्हणजे शोधनक्षमता. तिचे गुणोत्तर किमान १५० टक्के असावे लागते, म्हणजे गणिताने येणाऱ्या आवश्यक अधिक्याच्या दीडपट रक्कम कंपनीपाशी हवी. आयुर्विमा कंपन्यांनी पारंपरिक योजनांचा किमान निम्मा निधी सरकारी व मान्यताप्राप्त रोख्यांत गुंतवणे बंधनकारक आहे. विमाधारकांचा पैसा देशाबाहेर गुंतवण्यास मनाई आहे. दालमिया आणि मुंदडा प्रकरणांची आठवण या तरतुदींच्या मागे उभी आहे, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

या कठोरपणाला आणखी एक कारण आहे. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळाकडून प्रत्येक ठेवीदाराला ५ लाख रुपयांपर्यंतची रक्कम मिळते. खासगी विमा कंपनीच्या विमाधारकासाठी तशी हमी देणारा निधी भारतात नाही. त्यामुळे कंपनी बुडाल्यावर भरपाई देण्यापेक्षा ती बुडूच नये याची दक्षता घेणे, हाच येथील संरक्षणाचा मार्ग आहे.

कलम ४५ : संशयाला कालमर्यादा

दानतीच्या प्रश्नाशी थेट भिडणारी सर्वांत जुनी तरतूद म्हणजे कलम ४५. परीक्षार्थींनी हे कलम नीट समजून घेणे उपयुक्त ठरेल, कारण ग्राहक आणि कंपनी यांच्यातील तोल काळानुसार कसा बदलत गेला हे त्यात दिसते.

विमा करार परम सद्भावाच्या तत्त्वावर उभा असतो. प्रस्ताव देणाऱ्याने आपले वय, आजार, व्यसने, व्यवसाय यांविषयीची महत्त्वाची माहिती आपण होऊन सांगितली पाहिजे, कारण ती कंपनीला अन्य मार्गाने मिळू शकत नाही. तत्त्व योग्यच आहे; पण जुन्या इंग्रजी प्रथेत त्याचा अतिरेक झाला. प्रस्तावातील प्रत्येक विधान हा कराराचा पाया मानला जाई. त्यामुळे एखादे उत्तर चुकले, मग ते महत्त्वाचे असो वा नसो, तर संपूर्ण करार रद्द होई. वीस वर्षे हप्ते भरलेल्या माणसाच्या मृत्यूनंतर त्याच्या तरुणपणीच्या प्रस्तावातील एखादी किरकोळ चूक शोधून दावा नाकारणे शक्य होते.

१९३८ च्या कायद्याने या शोधाला मर्यादा घातली. विमापत्र दोन वर्षे जुने झाल्यावर केवळ माहिती चुकीची होती म्हणून ते नाकारता येणार नाही. ती माहिती महत्त्वाची होती, विमाधारकाने ती कपटाने दिली वा दडवली आणि ती खोटी असल्याचे त्याला त्या वेळी माहीत होते, हे सर्व कंपनीने सिद्ध करावे, असे कलम ४५ मध्ये म्हटले होते. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मिठूलाल नायक खटल्यात या अटींचे विवेचन केले. त्या प्रकरणात कपट सिद्ध झाल्याने दावा फेटाळला गेला. पण दोन वर्षांनंतर पुराव्याचा भार कंपनीवर असतो आणि तो हलका नाही, ही बाब त्यातून स्पष्ट झाली.

तरीही एक दार उघडे होते. ‘कपट’ हा शब्द दाव्याच्या नकारपत्रांत सर्रास वापरला जाऊ लागला. विमा कायदे (सुधारणा) अधिनियम, २०१५ ने ते दार बंद केले. आता विमापत्र दिल्याच्या, जोखीम सुरू झाल्याच्या, बंद पडलेले विमापत्र पुनरुज्जीवित झाल्याच्या किंवा त्यास पूरक लाभ जोडल्याच्या दिनांकापासून, यांपैकी जो नंतरचा असेल त्यापासून, तीन वर्षे उलटल्यावर आयुर्विम्याच्या विमापत्रावर कोणत्याही कारणास्तव आक्षेप घेता येत नाही. कपटाच्या कारणास्तवही नाही. तीन वर्षांच्या आत आक्षेप घ्यावयाचा तर कारणे लेखी कळवावी लागतात. आणि कपट नसताना केवळ चुकीच्या किंवा दडवलेल्या माहितीमुळे विमापत्र रद्द झाले तर तोपर्यंत भरलेले हप्ते ९० दिवसांच्या आत परत करावे लागतात.

लबाड माणसालाही तीन वर्षांनंतर अभय मिळते, असा आक्षेप या दुरुस्तीवर घेतला जातो. तो तर्काला धरून आहे. परंतु विधिमंडळाने येथे जाणीवपूर्वक निवड केलेली दिसते. माहिती तपासण्याची साधने कंपनीपाशी असतात आणि तिला त्यासाठी तीन वर्षे मिळतात. मृत व्यक्तीच्या कुटुंबाला मात्र तिने वीस वर्षांपूर्वी एजंटाला काय सांगितले होते हे सिद्ध करणे अशक्य असते. प्रस्तावाचा अर्ज पुष्कळदा एजंटच भरतो, ग्राहक फक्त सही करतो, ही आपल्याकडची वस्तुस्थितीही या संदर्भात विसरून चालणार नाही. पुनरुज्जीवनाची अट मात्र लक्षात ठेवावी : हप्ता थकून विमापत्र बंद पडले आणि पुन्हा सुरू केले, तर तीन वर्षांची मोजणी नव्याने सुरू होते.

युलिपचा धडा

दावा नाकारला जाणे हा अन्यायाचा एक प्रकार झाला. दुसरा प्रकार विक्रीच्या क्षणीच घडतो : ग्राहकाला हवे असते एक आणि त्याच्या गळ्यात पडते दुसरेच. विमा आणि बाजारातील गुंतवणूक यांची सांगड घालणाऱ्या युनिट संलग्न योजनांनी, म्हणजे युलिपने, याचे मोठे उदाहरण घालून दिले.

२००१ नंतर भारतात आलेल्या या योजना २००५ ते २००८ या शेअर बाजाराच्या तेजीच्या काळात धूमधडाक्याने विकल्या गेल्या. तीनच वर्षे हप्ते भरा आणि पैसे दुप्पट करून घ्या, असा प्रचार होई. प्रत्यक्षात पहिल्या वर्षीच्या हप्त्याचा मोठा भाग निरनिराळ्या शुल्कांत जाई. विमा कायद्यातील तेव्हाच्या कलम ४० ए नुसार आयुर्विम्यात पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर ३५ टक्के आणि नव्या कंपनीच्या पहिल्या दहा वर्षांत ४० टक्क्यांपर्यंत कमिशन देण्याची मुभा होती. म्हणजे ५० हजार रुपयांच्या पहिल्या हप्त्यातून २० हजार रुपयांपर्यंतचे कमिशन कायद्याच्या चौकटीत बसत होते. विक्रेत्याचे हित पहिल्या वर्षात आणि ग्राहकाचे हित पंधराव्या वर्षात, अशी ही रचना होती. २००८ मध्ये बाजार कोसळला तेव्हा अनेकांना आपण विमा नव्हे तर शेअर विकत घेतले होते, हे प्रथमच कळले.

९ एप्रिल २०१० रोजी सेबीने १४ विमा कंपन्यांना आपल्या परवानगीशिवाय युलिप विकण्यास मनाई केली. या योजना मूलतः म्युच्युअल फंडासारख्या आहेत, असे सेबीचे म्हणणे होते. दुसऱ्याच दिवशी विमा प्राधिकरणाने कंपन्यांना हा आदेश न मानता व्यवसाय सुरू ठेवण्यास सांगितले. देशातील दोन वैधानिक नियामक उघडपणे परस्परविरोधी आदेश देत असल्याचे हे दृश्य अभूतपूर्व होते. १८ जून २०१० रोजी केंद्र सरकारने वटहुकूम काढून युलिप ही विम्याचीच योजना असल्याचे स्पष्ट केले आणि नियामकांमधील अशा वादांसाठी अर्थमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त यंत्रणा निर्माण केली.

अधिकारक्षेत्राचा वाद विमा प्राधिकरणाने जिंकला. पण सेबीने उपस्थित केलेल्या आक्षेपांना त्याला उत्तर द्यावे लागले. १ सप्टेंबर २०१० पासून युलिपमधील पैसे काढून घेण्यावरील बंदी तीन वर्षांवरून पाच वर्षांवर नेण्यात आली. शुल्क पहिल्या वर्षात न लादता मुदतीवर विभागण्याचे बंधन आले. एकूण परतावा आणि शुल्के वजा जाता उरणारा परतावा यांतील तफावतीवर कमाल मर्यादा घालण्यात आली. मधेच योजना सोडणाऱ्याकडून घ्यावयाचे शुल्क मर्यादित झाले आणि पाचव्या वर्षापासून ते बंद झाले. ग्राहकाच्या दृष्टीने हा मोठाच लाभ होता. त्याचबरोबर एक आकडा विचार करण्यासारखा आहे. देशाच्या सकल उत्पन्नाशी विमा हप्त्यांचे प्रमाण २००१-०२ मध्ये सुमारे २.७ टक्के होते. ते युलिपच्या भरभराटीत २००९-१० मध्ये ५.२ टक्क्यांवर पोहोचले आणि २०२३-२४ मध्ये ३.७ टक्के होते. तेव्हाची वाढ किती अंशी खऱ्या विम्याची होती, असा प्रश्न त्यातून पडतो. ‘विकास’ हा शब्द आकड्यांनी मोजावा की संरक्षणाच्या खोलीने, याचे उत्तर प्राधिकरणाला अजूनही शोधावे लागत आहे. एप्रिल २०२३ पासून प्राधिकरणाने प्रत्येक योजनेवरील कमिशनची स्वतंत्र मर्यादा काढून कंपनीच्या एकूण व्यवस्थापन खर्चावर मर्यादा ठेवली. लवचिकता हा तिचा हेतू असला तरी पहिल्या वर्षी अधिक कमिशन देऊन विक्री वाढवण्याचा मोह त्यामुळे कमी होईल, असे मानता येत नाही.

विक्रीच्या वेळच्या संरक्षणासाठी आणखी दोन साधने आहेत. पहिले म्हणजे ‘फ्री लूक’ कालावधी. विमाधारकांच्या हितसंरक्षणासाठीच्या २००२ च्या विनियमांनी विमापत्र हाती पडल्यापासून १५ दिवसांत ते परत करण्याचा हक्क दिला. २०२४ च्या विनियमांनी ही मुदत ३० दिवसांची केली. जोखमीचा त्या काळापुरता हप्ता, वैद्यकीय तपासणी व मुद्रांक यांचा खर्च वजा करून उरलेली रक्कम परत मिळते. दुसरे साधन सरेंडर मूल्याचे. पूर्वी पारंपरिक योजनेत सुरुवातीच्या वर्षांत हप्ते थांबवणाऱ्यास काहीच मिळत नसे. २०२४ च्या सुधारणांनुसार पहिल्या वर्षाचा पूर्ण हप्ता भरून ते वर्ष पुरे झाले असेल तर विशेष सरेंडर मूल्य देणे कंपन्यांना बंधनकारक झाले.

आरोग्य विमा आणि घटनेतील दोन सूची

सामान्य कुटुंबाला आज सर्वाधिक चिंता असते ती आरोग्य विम्याच्या दाव्याची. येथे वाद प्रामुख्याने पूर्वीच्या आजारांवरून होतो. आधीपासून असलेल्या आजारासाठीचा प्रतीक्षा काळ २०२४ मध्ये जास्तीत जास्त ४८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर आणला गेला. सलग ६० महिने विमा चालू राहिल्यानंतर सिद्ध झालेल्या कपटाखेरीज माहिती दडवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. ही मुदत पूर्वी आठ वर्षांची होती. २९ मे २०२४ च्या परिपत्रकाने रोकडरहित उपचाराच्या विनंतीवर एका तासात आणि रुग्णालयातून घरी सोडताना अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय देण्याचे बंधन घातले. दावा नाकारायचा तर तो कंपनीच्या दावा परीक्षण समितीपुढे गेला पाहिजे. एका अधिकाऱ्याच्या सहीने तो फेटाळता येत नाही. कंपनी बदलूनही प्रतीक्षा काळाचा लाभ टिकवणारी पोर्टेबिलिटीची सोय १ ऑक्टोबर २०११ पासून आहेच.

इतके असूनही रुग्णालयाच्या बिलाच्या खिडकीपाशी ग्राहक अडकतो, कारण त्या खिडकीच्या एकाच बाजूवर प्राधिकरणाची सत्ता चालते. विमा हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघ सूचीत, ४७ व्या नोंदीत येतो. सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हा विषय राज्य सूचीतील सहाव्या नोंदीत आहे. विमा कंपनीने किती तासांत उत्तर द्यावे हे हैदराबादहून ठरवता येते. खोलीचे भाडे किती असावे, हातमोज्यांचे पैसे वेगळे लावावेत का, विमा असलेल्या आणि नसलेल्या रुग्णासाठी दर वेगळे असावेत का, हे ठरवता येत नाही. वैद्यकीय आस्थापनांविषयीचा केंद्रीय कायदा २०१० मध्ये झाला, पण तो सर्व राज्यांनी स्वीकारलेला नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्यानुसार कारभार चालतो. परिणामी कंपनी ‘वाजवी व प्रचलित’ खर्चापुरतीच रक्कम मंजूर करते, रुग्णालय पूर्ण बिल मागते आणि मधली तफावत रुग्णाच्या नातेवाइकांना भरावी लागते. प्राधिकरणाच्या परिपत्रकांतून हा प्रश्न सुटणारा नाही. त्यासाठी केंद्र आणि राज्ये यांना एकत्र यावे लागेल.

दाद मागण्याचे मार्ग

तक्रार प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी करावी लागते. प्राधिकरणाच्या ‘बीमा भरोसा’ संकेतस्थळावरही ती नोंदवता येते. मात्र प्राधिकरण हे न्यायालय नव्हे. ते कंपनीकडून उत्तर मागते, नियमभंग झाल्यास दंड करते. एखाद्या दाव्याचा निकाल लावत नाही. डिसेंबर २०२५ च्या दुरुस्तीने कंपन्या व मध्यस्थांनी गैरमार्गाने कमावलेला लाभ वसूल करण्याचा अधिकार प्राधिकरणाला दिला आहे. सेबीला असा अधिकार पूर्वीपासून होता.

निकाल हवा असेल तर विमा लोकपाल हा सोपा मार्ग आहे. १९९८ च्या नियमांनी ही यंत्रणा सुरू झाली आणि २०१७ च्या नियमांनी तिची पुनर्रचना झाली. महाराष्ट्रात मुंबई व पुणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत. शुल्क नाही, वकिलाची गरज नाही. साध्या अर्जावर आणि २०२१ पासून ऑनलाइनही तक्रार घेतली जाते. कंपनीने तक्रार फेटाळल्यानंतर, किंवा महिन्याभरात उत्तरच न दिल्यास, एका वर्षाच्या आत लोकपालाकडे जावे लागते. भरपाईची मर्यादा प्रारंभी २० लाख रुपये होती. २०१७ मध्ये ती ३० लाख झाली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ५० लाख रुपये करण्यात आली. निवाडा तीन महिन्यांत द्यावयाचा असतो आणि तो मिळाल्यापासून ३० दिवसांत कंपनीने त्याचे पालन करावयाचे असते. तोच वाद न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात प्रलंबित असेल तर लोकपाल तो हाती घेत नाही.

मोठ्या रकमेच्या वादांसाठी ग्राहक आयोग आहेत. येथे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने केलेला एक बदल विमाधारकांना विशेष उपकारक ठरला. जिल्हा, राज्य वा राष्ट्रीय आयोगाचे अधिकारक्षेत्र आता मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर वस्तू वा सेवेसाठी प्रत्यक्ष दिलेल्या मोबदल्यावर ठरते. जिल्हा आयोगाची मर्यादा २०२१ च्या नियमांनुसार ५० लाख रुपये आहे. विम्यात मोबदला म्हणजे हप्ता. त्यामुळे काही हजारांचा हप्ता भरलेल्या विमापत्रावरील एक कोटीचा दावाही जिल्हा आयोगात चालू शकतो आणि तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगात तो दाखल करता येतो. तक्रारीचे कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षांची असते.

लोकपालाचा निवाडा विमा कंपनीवर बंधनकारक असतो, तक्रारदारावर नसतो. लोकपालाकडे अपयश आलेल्या विमाधारकाला, मुदत शिल्लक असल्यास, ग्राहक आयोगाचे दार त्यानंतरही खुले राहते.